पापणीवरचा व्हिटिलिगो कोड करताना: नवीन कोडरसाठी पायरीवार मार्गदर्शन

मेडिकल कोडिंग, म्हणजे चार्टमधल्या निदान-उपचारांना विम्याच्या बिलासाठी ठरलेले कोड देणं, शिकताना मधुमेह, रक्तदाब, फ्रॅक्चर यांवर सगळ्यांचा हात बसतो. डोळ्यांभोवतीचा व्हिटिलिगो, म्हणजे त्वचेचा रंग जाऊन पांढरे चट्टे पडण्याचा आजार, मुद्दाम कुणी शिकवत नाही. मग एक दिवस त्वचारोग किंवा नेत्ररोग क्लिनिकचा चार्ट समोर येतो, त्यात ‘दोन्ही पापण्यांवर व्हिटिलिगो’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि नवीन कोडर एल८० हा व्हिटिलिगोचा सर्वसाधारण कोड टाकून पुढे सरकतो. सॉफ्टवेअर अडवत नाही, कारण एल८० हा वैध कोड आहे. तो या पेशंटचा कोड नाही, हे ऑडिटमध्ये कळतं.

हा लेख अमेरिकेतल्या क्लिनिकचे चार्ट कोड करणाऱ्यांसाठी आहे. तिथे निदानासाठी १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही निदानांच्या कोडची अमेरिकी यादी वापरात आहे आणि इथले नियम त्याचेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये पापणीचा व्हिटिलिगो एच०२.७ या एकाच गटात येतो, त्यात डावं-उजवं नाही. आयसीडी-११ मध्ये व्हिटिलिगोला ईडी६३.० आहे, पण अमेरिकी क्लेमवर, म्हणजे विमा कंपनीकडे जाणाऱ्या बिलावर, तो चालत नाही. इंटरनेटवर शोधताना हे तिन्ही एकत्र समोर येतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

लिहिण्याच्या सोयीच्या दोन गोष्टी. आजाराला मी सगळीकडे व्हिटिलिगोच म्हटलंय, म्हणजे ‘कोड’ हा शब्द कोडिंगसाठी मोकळा राहतो. आणि कोडचं पहिलं अक्षर इथे देवनागरीत आहे; सिस्टीममध्ये अर्थातच रोमन अक्षर टाकायचं. एच नंतरचं चिन्ह शून्य आहे, ‘ओ’ नव्हे.

१. सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- त्या वर्षाचं आयसीडी-१०-सीएम: इंडेक्स (आजाराच्या नावाने शोधायची यादी) आणि टॅब्युलर यादी (कोडच्या क्रमाने), दोन्ही
- त्याच वर्षाच्या अधिकृत गाइडलाइन
- त्या वर्षाचं सीपीटी पुस्तक (तपासणी आणि प्रोसिजरचे कोड) आणि मॉडिफायरची यादी (प्रोसिजर कोडला जोडायची दोन अक्षरी-अंकी चिन्हं)
- पेशंटच्या विमा कंपनीची पॉलिसी, विशेषतः फोटोथेरपी (अतिनील किरणांचा उपचार) आणि क्रीमबद्दलची
- संपूर्ण व्हिजिट नोट: डॉक्टरांची, नर्सची किंवा टेक्निशियनची, आणि पापणीचं आकृतीचित्र भरलेलं असेल तर तेही
- तुमच्या कंपनीचा क्वेरी नमुना (डॉक्टरांना लेखी खुलासा विचारण्याचा)

वर्ष कोणतं धरायचं? बाह्यरुग्णासाठी ज्या दिवशी तपासणी झाली त्या दिवशी लागू असलेला संच. आयसीडी-१०-सीएमचं वर्ष १ ऑक्टोबरला बदलतं, अधूनमधून १ एप्रिललाही भर पडते. सीपीटी १ जानेवारीला बदलतं. ऑक्टोबरात बसून सप्टेंबरची व्हिजिट कोड करत असाल तर जुनंच पुस्तक उघडायचं.

२. चार्टमध्ये काय शोधायचं

निम्म्याहून जास्त काम या पायरीत आहे. कोड निवडणं पुढे दोन मिनिटांचं काम असतं. नोट वाचताना या गोष्टींवर नजर ठेवा.

कोणता डोळा? उजवा, डावा की दोन्ही. कोणती पापणी? वरची, खालची की दोन्ही. हे दोन प्रश्न सुटले नाहीत तर नेमका कोड मिळणारच नाही.

चट्टा फक्त डोळ्यांभोवती आहे की अंगावर इतरत्रही? हात, ओठांभोवती, गुडघे, कंबर अशी नोंद बहुधा तपासणीच्या भागात दडलेली असते आणि निदानाच्या ओळीत येतच नाही. निदानात ‘व्हिटिलिगो’ आणि तपासणीत ‘दोन्ही हातांवर वर्णहीन चट्टे’ असं असेल तर दोन्ही एकत्र वाचावं लागतं.

निदान पक्कं आहे की संशय आहे? ‘व्हिटिलिगो’ आणि ‘व्हिटिलिगोची शक्यता’ यांत कोडरच्या दृष्टीने मोठा फरक आहे. त्यावर पुढे स्वतंत्र पायरी आहे.

सेगमेंटल (बहुधा शरीराच्या एकाच बाजूच्या एका भागापुरता) की नॉनसेगमेंटल (बहुधा दोन्ही बाजूंना)? आयसीडी-१०-सीएममध्ये यासाठी वेगळा कोड नाही. तरीही टिपून ठेवा, औषधाच्या मंजुरीच्या वेळी पहिला प्रश्न हाच येतो.

पापण्यांचे केस किंवा भुवया पांढऱ्या झाल्यात का? चट्टा पसरतोय, थांबलाय की भरून येतोय? वूड्स लॅम्पखाली, म्हणजे तपासणीच्या अतिनील दिव्याखाली, काय दिसलं? आधी कोणती औषधं लावली, किती काळ, काय झालं? शरीराचा किती टक्के भाग बाधित आहे?

टक्केवारीबद्दल थोडं: पेशंटचा बोटांसकट तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का, असा अंदाज डॉक्टर वापरतात. पापण्यांचं क्षेत्रफळ त्यात किरकोळ भरतं. म्हणून ‘१ टक्क्याहून कमी’ ही नोंद पापणीच्या बाबतीत अगदी स्वाभाविक आहे, ती बघून चूक झाली असं समजू नका.

चार्टला जोडलेला फोटो बघून स्वतः डावं-उजवं ठरवू नका. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो उलटा असू शकतो हे एक, आणि मुळात फोटोवरून निदान किंवा जागा ठरवणं हे कोडरचं काम नाही. डॉक्टरांच्या शब्दांत नसेल तर ते नाही.

याला एक मोकळीक आहे आणि ती अनेकांना माहीत नसते. बाजू डॉक्टरांनी लिहिली नसेल पण त्याच चार्टमध्ये दुसऱ्या क्लिनिकल कर्मचाऱ्याने, म्हणजे नर्सने वगैरे, लिहिली असेल तर गाइडलाइननुसार ती धरता येते. निदान मात्र डॉक्टरांचंच हवं. आणि नोंदी एकमेकींच्या विरोधात असतील, नर्स म्हणते उजवा आणि डॉक्टर म्हणतात डावा, तर स्वतः निवाडा करायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं.

३. इंडेक्समधून टॅब्युलर यादीत

इंडेक्समध्ये ‘व्हिटिलिगो’ शोधा. मुख्य ओळीवर एल८० दिसेल. इथेच थांबायचं नाही. त्याखाली उपओळी आहेत: पापणी असेल तर एच०२.७३-, पिंटा या संसर्गामुळे असेल तर ए६७.२, योनिद्वाराचा असेल तर एन९०.८९. कोडच्या शेवटी रेघ (-) असेल तर पुढे आणखी अंक जोडायचे असतात. पापणीच्या उपओळीवरून टॅब्युलर यादीत जा आणि तिथे कोडचं पूर्ण शीर्षक वाचा.

गट कोणता आहे ते बघून गोंधळायला होतं. एच०२.७ हा पापणीच्या ‘डिजनरेटिव्ह’ विकारांचा गट आहे आणि व्हिटिलिगो तर रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित आजार. तो इथे कसा आला, यावर डोकं शिणवू नका. ही पुस्तकातली जागेची मांडणी आहे, आजाराच्या कारणाबद्दलचं विधान नाही. शेजारीच एच०२.७१- मध्ये पापणीचा क्लोआझ्मा म्हणजे काळसर डाग आणि एच०२.७२- मध्ये केस गळणं म्हणजे मॅडारोसिस आहे. घाईत ओळ चुकली तर पांढऱ्या डागाऐवजी काळ्या डागाचा कोड जातो.

४. सात कोड

- एच०२.७३१: उजवी वरची पापणी आणि डोळ्याभोवतीचा भाग
- एच०२.७३२: उजवी खालची पापणी आणि डोळ्याभोवतीचा भाग
- एच०२.७३३: उजवा डोळा, पापणी नमूद नाही
- एच०२.७३४: डावी वरची पापणी आणि डोळ्याभोवतीचा भाग
- एच०२.७३५: डावी खालची पापणी आणि डोळ्याभोवतीचा भाग
- एच०२.७३६: डावा डोळा, पापणी नमूद नाही
- एच०२.७३९: डोळाही नमूद नाही, पापणीही नाही

सहा अंकाक्षरांवर कोड पूर्ण होतो. सातवं जोडायचं नाही. एच०२.७३ एवढाच टाकला तर क्लेम अपुऱ्या कोडमुळे परत येईल.

शीर्षकातल्या ‘आणि’ कडे लक्ष द्या. आयसीडी-१०-सीएमच्या शीर्षकात ‘आणि’ म्हणजे ‘आणि किंवा’ असा नियम आहे. त्यामुळे चट्टा प्रत्यक्ष पापणीवर नसून फक्त तिच्या लगतच्या त्वचेवर असला तरी हेच कोड लागतात. ‘डाव्या डोळ्याखालच्या त्वचेवर’ अशी नोंद असेल तर एच०२.७३५. डोळ्याभोवतीचा भाग नेमका कुठे संपतो आणि गाल कुठे सुरू होतो, याचं माप पुस्तकात दिलेलं नाही. डॉक्टरांनी ‘पेरिऑक्युलर’ (डोळ्याभोवतीचा) म्हटलं तर पेरिऑक्युलर. आणि चट्टा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात असेल, वर-खाली काहीच म्हटलेलं नसेल, तर विचारून घ्या. उत्तर आलंच नाही तर त्या डोळ्याचा ‘पापणी नमूद नाही’ हा कोड आहे.

आता सापळे. दोन्ही डोळ्यांसाठी एकत्र कोड या गटात नाही. दोन्ही वरच्या पापण्या बाधित असतील तर एच०२.७३१ आणि एच०२.७३४ असे दोन कोड. चारही पापण्या असतील तर चार कोड, त्यात जास्तीचं काही नाही.

उजव्या डोळ्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पापण्यांवर चट्टे असतील तर एच०२.७३३ नव्हे. तो ‘कोणती ते लिहिलेलं नाही’ यासाठी आहे, ‘दोन्ही’ साठी नाही. इथे एच०२.७३१ आणि एच०२.७३२ दोन्ही द्यायचे. ब्लेफरायटिस (पापणीचा दाह) आणि मायबोमियन ग्रंथींच्या (पापणीतल्या तेलग्रंथींच्या) विकारात वर-खाली मिळून एक कोड देणारी ए, बी अशी शेवटची अक्षरं आहेत. ते शिकून आलेले लोक इथेही तसंच शोधतात. व्हिटिलिगोच्या गटात तशी सोय नाही.

तिसरा सापळा सगळ्यात जास्त दिसतो. नोट म्हणते ‘दोन्ही डोळ्यांभोवती’, पापणी लिहिलेली नाही. कोडर एच०२.७३९ टाकतो. पण बाजू तर माहीत आहे! उजव्यासाठी एच०२.७३३ आणि डाव्यासाठी एच०२.७३६ द्यायचा. एच०२.७३९ ची वेळ क्वचितच यावी.

५. एल८० कधी, दोन्ही कधी

फक्त पापणी किंवा डोळ्याभोवती: एच०२.७३- मधला कोड, एल८० नाही.

फक्त अंगावर, डोळ्यांभोवती काही नाही: एल८०.

दोन्हीकडे: दोन्ही कोड. एल८० खाली पापणीच्या व्हिटिलिगोसाठी जी टीप आहे ती एक्सक्लूड्स-२ प्रकारची आहे. एक्सक्लूड्स-१ म्हणजे दोन्ही एकत्र देऊ नका. एक्सक्लूड्स-२ म्हणजे हा भाग या कोडमध्ये मोजलेला नाही, पेशंटला दोन्ही असेल तर दोन्ही द्या. एक्सक्लूड्स हा शब्द दिसला की हात मागे घ्यायची सवय नव्यांना असते. इथे ती सवय एक खरा कोड गाळायला लावते.

आधी कोणता? त्या दिवशी पेशंट ज्यासाठी मुख्यतः आला तो. अंगभर चट्ट्यांच्या फोटोथेरपीसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे आला असेल तर एल८० आधी. पापणीसाठी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलेला असेल तर एच०२.७३- आधी.

दोन नमुना नोंदी घेऊ.

‘उजव्या वरच्या व खालच्या आणि डाव्या वरच्या पापणीवर ठळक कडांचे वर्णहीन चट्टे, वूड्स लॅम्पखाली चमकदार पांढरे. बाकी त्वचा सामान्य. निदान: व्हिटिलिगो.’ इथे एच०२.७३१, एच०२.७३२, एच०२.७३४. निदानाच्या ओळीत पापणी हा शब्द नाही, पण ‘बाकी त्वचा सामान्य’ असं स्पष्ट आहे, त्यामुळे एल८० ला जागा उरत नाही.

‘नॉनसेगमेंटल व्हिटिलिगो, दोन्ही हात, ओठांभोवती आणि दोन्ही डोळ्यांभोवती, वाढता.’ इथे एल८०, एच०२.७३३, एच०२.७३६. वरची-खालची पापणी विचारण्यासाठी क्वेरी पाठवावी. उत्तर आलं तर शेवटचे दोन कोड बदलतील.

६. निदान पक्कं नसेल तर

बाह्यरुग्ण विभागात ‘शक्यता’, ‘संशय’, ‘वगळण्यासाठी’, ‘सुसंगत’ असे शब्द लागलेलं निदान कोड करायचं नाही. त्याऐवजी जे खात्रीने माहीत आहे, म्हणजे लक्षण किंवा आढळ, ते कोड करायचं.

पापणीच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे. एच०२.७३ खाली समाविष्ट शब्द म्हणून ‘पापणीचं हायपोपिग्मेंटेशन’, म्हणजे रंग फिका होणं, दिलेलं आहे. म्हणजे डॉक्टरांनी ‘उजव्या वरच्या पापणीवर हायपोपिग्मेंटेशन, व्हिटिलिगोचा संशय’ असं लिहिलं तर हायपोपिग्मेंटेशन या पक्क्या आढळावरूनही तुम्ही एच०२.७३१ वरच पोहोचता. कोड तोच, पण त्यामागचं कारण वेगळं. ऑडिटरने विचारलं तर ‘संशय होता म्हणून व्हिटिलिगो धरला’ हे उत्तर चालणार नाही. ‘समाविष्ट शब्दावरून घेतला’ हे चालेल. कोडिंग नोटमध्ये तसं लिहून ठेवा.

अंगावरच्या चट्ट्याला ही सवलत नाही. तिथे संशयित व्हिटिलिगोला एल८० देता येत नाही.

सारखे दिसणारे, पण वेगळे कोड असलेले आजार माहीत असू द्या: पिटिरियासिस अल्बा एल३०.५, पिटिरियासिस व्हर्सिकलर बी३६.०, जन्मजात पायबाल्डिझम ई७०.३९. डॉक्टरांनी यांपैकी काही पक्कं म्हटलं तर व्हिटिलिगोचा कोड गळतो.

७. सोबत काय काय येऊ शकतं

पापण्यांचे केस पांढरे होणं, म्हणजे पोलिओसिस, डॉक्टरांनी स्वतंत्रपणे नोंदवलं आणि त्याची दखल घेतली असेल तर एल६७.१. केस गळत असतील तर एच०२.७२-, तिथेही पुन्हा तीच डावी-उजवी, वर-खाली.

व्हिटिलिगोसोबत थायरॉइडचे आणि इतर काही आजार आढळतात: हाशिमोटो (थायरॉइडचा दाह) ई०६.३, ॲलोपेशिया एरियाटा (चकत्यांनी केस गळणं) एल६३.-, पर्निशियस ॲनिमिया (बी१२ च्या कमतरतेचा रक्तक्षय) डी५१.०. पण पेशंटच्या जुन्या यादीत नाव आहे म्हणून कोड करायचं नाही. त्या व्हिजिटमध्ये तपासणी, उपचार किंवा निर्णयावर त्याचा परिणाम झालेला दिसला पाहिजे. थायरॉइडची रक्ततपासणी निव्वळ व्हिटिलिगो आहे म्हणून सांगितली असेल तर थायरॉइडचा आजार कोड करणं ही सरळ चूक आहे.

डोळ्यांत दाह, कानांत आवाज, डोकेदुखी आणि सोबत पांढरे चट्टे किंवा पांढरे केस असतील तर डॉक्टर व्होग्ट-कोयानागी-हाराडा या आजाराचा विचार करतात. व्होग्ट-कोयानागी सिंड्रोम एच२०.८२- आणि हाराडाचा आजार एच३०.८१-. या दोन्हीत दोन्ही डोळ्यांचा एकत्र कोड आहे, पापणीच्या गटासारखं नाही.

८. प्रोसिजर कोड आणि उलटे चालणारे मॉडिफायर

ऑफिस व्हिजिट ९९२०२ ते ९९२१५ मधून, किंवा नेत्रतज्ज्ञांकडे ९२००२ ते ९२०१४ मधून. २०२१ पासून ऑफिस व्हिजिटची पातळी वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवर किंवा एकूण वेळेवर ठरते. इथे ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ लक्षात ठेवा: चट्टा बदललेला नाही, पण उपचाराचं उद्दिष्टही साधलेलं नाही, अशा पेशंटला त्या व्याख्येत स्थिर म्हणत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी ‘स्थिर’ एवढंच न लिहिता ‘तीन महिन्यांच्या उपचाराला प्रतिसाद नाही, औषध बदलतो’ असं लिहिलं तर पातळीला खरा आधार मिळतो.

वूड्स लॅम्पचं वेगळं बिल करू नका, ते तपासणीतच धरलेलं आहे.

फोटोथेरपीत ९६९०० म्हणजे नुसती अतिनील किरणं. ९६९१० म्हणजे टार किंवा पेट्रोलेटम लावून यूव्हीबी. नोटमध्ये पेट्रोलेटम लावल्याची नोंद नसेल तर ९६९१० ला आधार नाही, कितीही वेळा ‘नेहमी लावतोच’ असं तोंडी सांगितलं तरी. ९६९१२ म्हणजे सोरालेन या औषधासह यूव्हीए (यूव्हीबी आणि यूव्हीए हे अतिनील किरणांचे दोन प्रकार). पापणीवर किरणं देताना डोळ्याचं संरक्षण कसं केलं, हेही नोंदीत असावं.

३०८ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरवर नवीन कोडर हमखास अडकतो. ९६९२० ते ९६९२२ हे कोड सापडतात, चौरस सेंटिमीटरचे आकडेही जुळतात, पण त्यांच्या वर्णनात सोरायसिस हा वेगळाच त्वचारोग लिहिलेला आहे. व्हिटिलिगोसाठी ते आपोआप लागू होत नाहीत. विमा कंपनीची लेखी पॉलिसी बघा. ती वेगळं सांगत नसेल तर ९६९९९ हा यादीत नसलेल्या त्वचा-सेवेचा कोड आणि सोबत काय केलं त्याचं वर्णन.

बायॉप्सी झाली असेल तर पापणीची कडा घेतली का ते वाचा. कडेसह पापणीच्या त्वचेची इन्सिजनल (छेद देऊन घेतलेली) बायॉप्सी ६७८१०. कडा नसेल तर साध्या त्वचेच्या बायॉप्सीचे कोड, १११०२ पासून पुढे, पद्धतीप्रमाणे.

आणि आता मॉडिफायर. पापणीवरच्या प्रोसिजरला ई१ ते ई४ लागतात. ई१ डावी वरची, ई२ डावी खालची, ई३ उजवी वरची, ई४ उजवी खालची. निदानाच्या कोडमध्ये १ म्हणजे उजवी वरची होती. इथे १ म्हणजे डावी वरची. एच०२.७३१ सोबत ई१ गेलं तर निदान उजव्याचं आणि प्रोसिजर डाव्याची, असा क्लेम तयार होतो. योग्य जोड्या अशा: ७३१ सोबत ई३, ७३२ सोबत ई४, ७३४ सोबत ई१, ७३५ सोबत ई२. एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. ऑफिस व्हिजिटला किंवा फोटोथेरपीला हे मॉडिफायर लावायचे नाहीत. त्याच दिवशी बायॉप्सी आणि स्वतंत्र, ठळक अशी तपासणी झाली असेल तर व्हिजिटला मॉडिफायर २५.

९. क्लेम फॉर्मवर

सीएमएस-१५०० या क्लेम फॉर्ममध्ये रकाना २१ मध्ये बारापर्यंत निदानं बसतात, म्हणजे चार पापण्या आणि एल८० मिळूनही अडचण नाही. रकाना २४-ई मध्ये प्रत्येक प्रोसिजरला चारच पॉइंटर, म्हणजे रकाना २१ मधल्या निदानांची अक्षरं, जोडता येतात. डाव्या वरच्या पापणीच्या बायॉप्सीला डाव्या वरच्या पापणीचंच निदान जोडा, सगळी अक्षरं ओळीने भरत सुटू नका.

१०. क्वेरी कशी लिहायची

क्वेरीत उत्तर सुचवायचं नाही. ‘हे उजव्या वरच्या पापणीवर आहे ना?’ असं विचारलं तर ती दिशा दाखवणारी क्वेरी ठरते आणि ऑडिटमध्ये डॉक्टरांसकट तुम्हीही अडचणीत येता. विमा कंपनी किती पैसे देईल याचा उल्लेखही त्यात नको.

असं लिहा: ‘अमुक तारखेच्या नोटमध्ये दोन्ही डोळ्यांभोवती व्हिटिलिगो नोंदवलेला आहे. आपल्या क्लिनिकल मतानुसार कृपया बाधित जागा स्पष्ट करावी: उजवी वरची, उजवी खालची, डावी वरची, डावी खालची, अन्य, सांगता येत नाही.’ एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येतील हेही लिहा. शेवटचे दोन पर्याय ठेवणं आवश्यक आहे, शोभेसाठी नाही. उत्तर मूळ नोंदीत तारखेसह पुरवणी म्हणून यायला हवं. चॅटवर ‘हो, वरची’ असं आलेलं उत्तर म्हणजे नोंद नव्हे.

एकाच डॉक्टरांना दर आठवड्याला हीच क्वेरी जात असेल तर क्लिनिकला नोटच्या नमुन्यात चार चौकोनांची ओळ घालायला सांगा. डॉक्टर चिडत नाहीत, उलट क्वेरी थांबल्या म्हणून सुटकाच वाटते.

११. क्रीमची पूर्वमंजुरी

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रक्सोलिटिनिब १.५ टक्के क्रीमला, म्हणजे ऑपझेलुराला, १२ वर्षं आणि त्यापुढच्या पेशंटच्या नॉनसेगमेंटल व्हिटिलिगोसाठी मान्यता दिली. तेव्हापासून मंजुरीचे फॉर्म कोडरच्या टेबलावर येऊ लागले. बहुतेक फॉर्ममध्ये प्रकार, वय, बाधित टक्केवारी (लेबलवर मर्यादा १० टक्के आहे) आणि आधीचे उपचार विचारतात. हे क्रीम डोळ्यात घालण्यासाठी नाही असंही लेबलवर आहे, त्यामुळे पापणीसाठी वापरायचं असेल तर डॉक्टरांनी पेशंटला काय सूचना दिल्या ते नोटमध्ये असलेलं बरं. टॅक्रोलिमस हे मलम आधी वापरलं का, स्टिरॉइड क्रीम पापणीवर जास्त काळ का टाळलं (डोळ्याचा दाब वाढण्याची, मोतीबिंदूची आणि त्वचा पातळ होण्याची भीती), हेही तिथेच लिहिलेलं असलं की अर्ध्या चौकशा वाचतात.

काही विमा कंपन्यांच्या सिस्टीममध्ये स्वीकार्य निदान म्हणून फक्त एल८० टाकलेला असतो आणि एच०२.७३- दिसताच अर्ज परत येतो. मग फोनवर कुणीतरी सुचवतं, ‘एल८० टाका, होऊन जाईल.’ पेशंटला खरंच अंगावरही व्हिटिलिगो असेल आणि तशी नोंद असेल तर एल८० द्यायलाच हवा होता, जरूर द्या. फक्त पापणीवरच असेल तर देऊ नका. त्याऐवजी अपील करा: इंडेक्सची ओळ, एल८० खालची एक्सक्लूड्स-२ टीप आणि डॉक्टरांची ‘नॉनसेगमेंटल व्हिटिलिगो’ असं स्पष्ट लिहिलेली नोट जोडा. वेळ लागतो, पण चार्टशी न जुळणारा कोड नंतर परतफेडीच्या नोटिशीतून परत येतो.

१२. फोटो पाठवताना

मंजुरीसाठी फोटो मागितले जातात. पूर्ण चेहऱ्याचा फोटो हिपा या पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेच्या अमेरिकी कायद्यानुसार ओळख पटवणारी माहिती आहे. डोळ्यांचा भाग पुरेसा असेल तर तेवढाच पाठवा, क्लिनिकने ठरवलेल्या सुरक्षित मार्गानेच पाठवा, आणि स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेऊ नका. फोटोवर तारीख आणि बाजू लिहिलेली हवी.

१३. क्लेम नाकारला गेला तर

आधी कारणाचा कोड वाचा, मग चार्ट उघडा. सीओ-११ म्हणजे निदान प्रोसिजरशी जुळत नाही. एक्सायमरला सोरायसिसचा प्रोसिजर कोड (९६९२० ते ९६९२२) लावला होता का ते बघा. सीओ-४ म्हणजे मॉडिफायर जुळत नाही. वरची ई१-ई४ ची यादी घ्या. सीओ-१९७ म्हणजे पूर्वमंजुरी नव्हती. सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी, सोबतचा रिमार्क कोड पाहिल्याशिवाय काही कळणार नाही.

सीओ-५० आलं, म्हणजे वैद्यकीय गरज मान्य नाही, तर बहुधा विमा कंपनीने हा सौंदर्योपचार धरलेला असतो. अपीलमध्ये ‘पेशंटला वाईट वाटतं’ एवढ्याने भागत नाही. आजार वाढतोय याच्या तारखांसह नोंदी, आधीचे उपचार आणि त्यांचा निकाल, आणि त्या कंपनीच्याच पॉलिसीतला संबंधित परिच्छेद जोडा. पॉलिसीत व्हिटिलिगो स्पष्टपणे वगळलेला असेल तर कोड बदलून काही होणार नाही. ते क्लिनिकला लगेच कळवा, म्हणजे पुढच्या सत्राआधी पेशंटला खर्चाची कल्पना देता येईल.